आवाज बारीक करा, परीक्षा हाय

मार्च लागला की आमच्या गल्लीत दोन वास येतात. एक उसाचा. रंकाळ्याच्या बाजूनं ट्रॅक्टर जातात, ट्रॉलीतून एखादी कांडी रस्त्यावर पडते, चाकाखाली चिरडते आणि दुपारच्या उन्हात तिचा गोडसर, आंबूस वास सुटतो. दुसरा खडूचा. खडूला कुठं वास असतो, असं म्हणणाऱ्याला मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत आणून कांबळे बाईंच्या फळ्यासमोर उभं करीन. ओल्या फडक्यानं पुसलेला फळा वाळताना जो वास देतो, तो माझ्या लेखी परीक्षेचा वास आहे. यंदाही तो आला. बाई गेल्यानंतरचा हा दुसरा मार्च.

फळा घराच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, गल्लीकडे तोंड करून. बाईंनी तो मुद्दाम तसा बसवून घेतला होता. आत बसून शिकणाऱ्यांसाठी आत दुसरा होता. बाहेरचा होता दूध आणायला निघालेल्या, भाजी घेऊन परतणाऱ्या, तालमीतून घाम पुसत बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी. त्यावर कधी एखादा अवघड शब्द असायचा, कधी गणित, कधी कुठल्या तरी कायद्याचं एखादं कलम सोप्या भाषेत. आणि निकालाच्या दिवसांत त्यावर निकाल असायचे. सगळ्यांचे, बाईंचासुद्धा.

बाई शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायच्या. मी बालवाडीत होते तेव्हा त्या निवृत्त झाल्या, त्यामुळे शाळेत त्यांनी मला कधी शिकवलं नाही. माझं शिक्षण झालं ते त्यांच्या पुढच्या खोलीत. आयुष्यभराच्या नोकरीतून त्यांनी दोन खोल्यांची जागा घेतली होती. मागच्या खोलीत त्या राहायच्या आणि पुढची गल्लीची असायची. कुणीही यावं, चटईवर बसावं, वाचावं. सातवीतली मुलगी येई, बँकेच्या परीक्षेला बसणारा मुलगा येई, अर्ज कसा लिहायचा ते विचारायला रिक्षावाले येत. बाई कुणालाच "आत्ता वेळ नाही" म्हणाल्याचं मला आठवत नाही. "आधी हात धुऊन ये," एवढं मात्र सगळ्यांना म्हणायच्या.

माझे बाबा छपाईचं काम करायचे. लग्नपत्रिका, दुकानांची कार्डं आणि पत्रकं. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. कमळ आणि बदक कळायच्या आधी मला 'आवाहन', 'जाहीर' आणि 'निषेध' हे शब्द वाचता येत होते. पाणी वेळेवर सोडा, शाळा बंद करू नका, टोल नको, अमक्या चौकात या. शाई ओली असलेला कागद हातात धरला की काहीतरी व्हायलाच पाहिजे असं वाटायचं. अजूनही वाटतं. लोक म्हणतात, पत्रकं कोण वाचतं आता? मी वाचलीत. मी त्यांच्यावरच वाढले.

दर फेब्रुवारीच्या शेवटी बाई आमच्या छापखान्यात यायच्या, छत्री दाराला अडकवायच्या आणि म्हणायच्या, "छापा." त्यांचं पत्रक पिवळ्या कागदावर असायचं. गल्लीतल्या मुलांची परीक्षा आहे, संध्याकाळी आवाज कमी ठेवा, एवढाच मजकूर. मी पाचवीत असेन, त्या वर्षी मी आगाऊपणे सुचवलं होतं, "बाई, वर 'जाहीर निषेध' घालूया."

"कुणाचा निषेध? गल्लीतल्या पोरांचा? ती काय परकी हायत?"

"मग काय घालू?"

"विनंती घाल. आणि विनंती करताना मान खाली घालायची न्हाय. खाली माझं नाव टाक, पत्ता टाक. ज्याला भांडायचं असंल त्यानं घरी यावं. चहा पाजीन."

पत्रक कसं लिहायचं, हे मी तिथं शिकले. मागणी पहिल्या ओळीत. शिवी नाही. नाव खाली, पत्त्यासकट.

पण बाईंचं पत्रक चालायचं त्याचं कारण त्यातल्या शब्दांत नव्हतं. दर मार्चला बाई स्वतः कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसायच्या. निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा नेम होता. ज्याला परीक्षेची भीती आठवत नाही त्यानं पोरांना अभ्यास कर म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. पाली घेऊन त्या एम. ए. झाल्या, तेव्हा परीक्षागृहात त्यांच्या शेजारी त्यांच्याच विद्यार्थिनीची मुलगी होती. हिंदीच्या परीक्षा दिल्या. टंकलेखनाला बसल्या. निपाणीकडच्या काही मुली गल्लीत भाड्यानं राहायला आल्या, त्या घाबरल्या की कन्नडमध्ये बोलतात हे लक्षात आलं, तेव्हा बाई कन्नड शिकू लागल्या. हॉल तिकीट आलं की ते गल्लीभर दाखवत फिरायच्या. पांढऱ्या केसांच्या त्या फोटोत खांद्यावर अर्धा शिक्का आलेला असायचा.

टंकलेखनाचा निकाल लागला त्या संध्याकाळी बाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं मला अजून दिसतं. "कांबळे बाई. टंकलेखन. नापास. कारण : बोटं चुकली. पुन्हा बसणार." खाली दहावीला नापास झालेल्या एका मुलाचं नाव होतं, आणि त्याच्यापुढंही तेच : पुन्हा बसणार. तो मुलगा दोन दिवस घरातून बाहेर पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी फळ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हसत सुटला. आज तो गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन येतो, गिऱ्हाइकासमोर धार काढून देतो आणि आमच्या गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष आहे. त्याला सगळे संभादा म्हणतात.

आता कोल्हापुरात मार्च म्हणजे परीक्षा, तसा फुटबॉलही. पेठेपेठेत मॅचच्या गप्पा, भिंतींवर संघांचे रंग, जिंकलं की गुलाल आणि ताशा. संभादा तेव्हा तालमीच्या संघाचा गोलकीपर होता. एकदा शेजारच्या पेठेला हरवून पोरं आली. ताशा चौकात घुमत होता. गल्लीच्या तोंडाशी बाई उभ्या, हातात छत्री.

"बाई, जिंकलो की!"

"ऐकू आलं. सगळ्या कोल्हापूरला ऐकू आलं."

"मग वाजवू दे की आज. लई दिवसांनी हरवलंय त्यास्नी."

"चौकात वाजवा. जीव जाईपर्यंत वाजवा. गल्लीत मात्र मुक्यानं यायचं. परीक्षा हाय."

"कुणाची?"

"माझी. उद्या पालीचा पेपर हाय माझा."

आणि मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी मिरवणूक पाहिली. डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेली चाळीसेक पोरं, हातात चपला, ओठ दाबून हसू आवरत, पावलं न वाजवता गल्लीतून चालली आहेत. कुणीतरी शिंकलं तर बाकीच्यांनी त्याला दाबलं. बायका दारात येऊन पदराआड हसत होत्या. बाईंच्या दाराशी आल्यावर संभादानं वाकून नमस्कार केला आणि अगदी कुजबुजत म्हणाला, "दोन-एक, बाई." बाईपण कुजबुजल्या, "तू किती अडवलेस?" त्या दिवसापासून आमच्या गल्लीत जिंकलेला संघ मार्चमध्ये मुकाच येतो. बाकीच्या पेठा आम्हाला यावरून चिडवतात. चिडवू देत.

ट्रॅक्टरांचं तसं नव्हतं. ते बाहेरच्या गावचे. कोपऱ्यावर वळताना त्यांच्यावरची गाणी थेट पुढच्या खोलीत शिरायची. बाईंनी एकदा भर रस्त्यात छत्री आडवी धरून ट्रॅक्टर थांबवला. मी बरोबर होते.

"पावणं, कुठलं गाव?"

"बिद्रीकडचा हाय. काय झालं मावशी?"

"मी पण तिकडचीच. आवाज बारीक करा, परीक्षा हाय."

"पोराची?"

"माझी."

ड्रायव्हरनं खाली वाकून नीट पाहिलं. "ह्या वयात?"

"मग काय तुझ्या वयात? तू तर ट्रॅक्टर चालवालाईस."

तो इतका हसला की त्याला गाणं बंद करावं लागलं. पुढं कित्येक दिवस त्या वळणावर त्याचा ट्रॅक्टर आला की गाणं आपोआप बारीक व्हायचं आणि वळण संपलं की पुन्हा मोठं.

हे सगळं गोड वाटतं, आणि गोड गोष्टींची मला भीती वाटते. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. बाई बिद्रीकडच्या एका खेड्यातून शिकायला आल्या, वसतिगृहात राहिल्या, नोकरीला लागल्या आणि खोली शोधत या शहरात हिंडल्या. आडनाव विचारून झालं की खोली आधीच गेलेली असायची. आमची गल्लीही त्यातलीच. जी गल्ली आज "आमच्या बाई" म्हणते, तिनं त्यांना पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं होतं. बाई हे कधी लपवत नसत आणि उगाळतही नसत. मी एकदा चिडून विचारलं, "मग याच लोकांच्या पोरांसाठी एवढं का केलंत?" त्या म्हणाल्या, "याच लोकांच्या पोरांसाठी? अगं, मी इथं राहते. ही माझी गल्ली हाय. मी काय उपकार करालेय व्हय?" त्या उत्तरातला हक्क मला फार नंतर कळला. सेवा हा शब्द त्यांच्यासाठी वापरायला मी म्हणूनच कचरते. सेवा करणारा माणूस थोडा बाजूला उभा असतो. बाई मधोमध उभ्या होत्या.

बाई गेल्या त्या दिवाळीनंतरच्या थंडीत. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, कन्नडचं पुस्तक उशाशी होतं, परीक्षेला बसणं राहिलं. बिद्रीकडून त्यांचा भाचा आला. पुढची खोली चालू ठेवा म्हणाला आणि किल्ली आमच्या हातात दिली. मग पहिला मार्च आला, बाईंशिवायचा. त्याचीच ही आठवण आहे खरं तर.

त्या वर्षी खोलीत रेखाक्का होती. रेखाक्का एका मेसमध्ये भाकऱ्या थापते. आठवीत शाळा सुटलेली, मुलगी नर्सिंगला गेल्यावर बाईंनीच तिच्या मागं लागून दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला होता. "तू बस, मी पण बसते," हा बाईंचा करार होता. बाईंनी तो मोडला, रेखाक्कानं पाळला. संध्याकाळी सातला ती मेसमधून सुटायची, हातावरचं पीठ धुऊन चटईवर बसायची. पहाटेपासून पुन्हा काम. दिवसातली तेवढीच संध्याकाळ तिची.

तिच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाईंचा वाढदिवस येत होता. आणि तालमीनं त्या संध्याकाळी भव्य अभिवादन सोहळा ठरवला होता. डॉल्बी, लाइट, भाषणं, ऑर्केस्ट्रा. चौकात फ्लेक्स लागला. वर बाई, खाली गोलागोलात पोरं. बाईंचा धड फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून हॉल तिकिटावरचा मोठा केला होता. दोन मजली बाई, आणि खांद्यावर अर्धा शिक्का.

मी पेटले. पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत मागणी, शिवी नाही, खाली नाव. पिवळ्या कागदावर छापून घरोघर वाटलं आणि एक संभादाच्या हातात दिलं. तो कट्ट्यावर धार काढत होता. हात पुसून त्यानं सगळं वाचलं.

"वैशे, झकास लिहिलंयस. बाईंच्या तालमीतली हाईस तू."

"मग बंद करणार?"

"न्हाय."

"संभादा, ज्या बाईनं जन्मभर आवाज बंद करायला सांगितलं, तिलाच डॉल्बी लावून अभिवादन? परीक्षेच्या आदल्या दिवशी?"

"एक सांग," तो म्हणाला. "ह्या गल्लीनं बाईंस्नी कधी काय दिलं? शाल दिली? नारळ दिला? खोली सुदिक दिली न्हवती. बाई गेल्या, तवाबी आम्ही मुक्यानंच पोचवलं त्यास्नी. कोण गेलंय हे पलीकडच्या पेठेला कळलं पण न्हाय. आता एकदा वाजू दे की त्यांच्या नावानं. एकदाच. सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाऊ दे."

त्याचे डोळे भरले होते. मी पत्रकांवर वाढले आहे. समोरचा चूक असला की मला शब्द सुचतात. इथं समोरचा चूकही होता आणि त्याचं प्रेमही खरं होतं. तरी मी माझ्या मागणीवरून हलले नाही, आणि आजही हलत नाही. आपण ज्यांना मानतो त्यांना इतकं मोठं करतो की ते काय म्हणत होते ते ऐकू येईनासं होतं. कमानी, फ्लेक्स, पुतळे, जयंत्या. बाईंनी एक साधी गोष्ट मागितली होती, संध्याकाळची शांतता. ती सोडून बाकी सगळं द्यायला आम्ही तयार होतो.

वाढदिवसाच्या संध्याकाळी डॉल्बीची भिंत उभी राहिली. तपासणीला पहिला ठोका दिला तेव्हा पुढच्या खोलीतल्या खिडकीची काच थरथरली. रेखाक्का चटईवर होती, समीकरण अर्धं सोडवलेलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता ही उठून घरी जाईल. ती उठली, पुस्तक काखेत मारलं, चप्पल घातली आणि चौकाकडं निघाली. मी मागं पळाले.

चौक गच्च भरला होता. संभादा माइक घेऊन स्टेजवर उभा. रेखाक्का थेट स्टेजच्या पुढं जाऊन उभी राहिली, कोपराजवळ पिठाचा पांढरा पट्टा धुवायचा राहिलेला. तिला माइक नव्हता.

"संभा."

"अक्का? बस की पुढं. खुर्ची द्या रं अक्काला."

"बसायला आले न्हाय. आवाज बारीक करा. परीक्षा हाय."

पुढच्या रांगेतलं एक पोरगं, बहुतेक नवीन असावं, खिदळलं. "कुणाची वो काकू?"

"माझी. उद्या गणिताचा पेपर हाय माझा."

वरून बाई बघत होत्या, खांद्यावर अर्धा शिक्का घेऊन. संभादानं एकदा त्या फोटोकडं पाहिलं, एकदा रेखाक्काच्या काखेतल्या पुस्तकाकडं. मग त्यानं माइक खाली ठेवला. माइक चालू होता, तो ठेवल्याचा धाडकन आवाज झाला, आणि तोच त्या सोहळ्यातला शेवटचा मोठा आवाज. तो डॉल्बीवाल्याकडं वळून म्हणाला, "काढ वायर."

"दादा, ऑर्केस्ट्रा आलाय..."

"त्यास्नी जेवू घाल. वायर काढ."

नंतर काय करायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. एका पोरानं चपला काढून हातात घेतल्या. मग दुसऱ्यानं. संभादानं टेबलावरचा बाईंचा हार घातलेला लहान फोटो उचलला आणि गल्लीकडं वळला. सगळा चौक त्याच्या मागून चालू लागला. गुलाल नव्हता, ताशा नव्हता. शेजारच्या पेठेतली माणसंही होती, कार्यक्रमाला आलेली, त्यांनीही चपला हातात घेतल्या. बाईंच्या दाराशी मिरवणूक थांबली. आत दिवा लागला होता आणि आधीच परतलेली रेखाक्का चटईवर बसून अर्धं राहिलेलं समीकरण पुढं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. संभादानं फोटो फळ्याखाली ठेवला आणि कुजबुजला, "अक्का, जमालंय न्हवं?"

"गप्प बस," रेखाक्का म्हणाली. "क्ष सापडंना झालाय."

निकाल फळ्यावर लागला. मीच लिहिला, मोठ्या अक्षरात. रेखाक्का : गणित पास. इंग्रजी नापास. पुन्हा बसणार. ती येऊन वाचून गेली. जाताना म्हणाली, "'नापास' जरा वाकडं लिहिलंयस." मी पुसून सरळ केलं.

आता पुन्हा मार्च आहे. यंदा पत्रक छापायची वेळ आली तेव्हा मी मजकूर जुळवून बसले होते आणि खाली नाव टाकताना हात थांबला. या पत्रकाखाली नाव टाकायचं तर बाईंसारखी स्वतःची एक परीक्षा माझ्याकडं असली पाहिजे. शिकून झालंय असं मी समजत होते. पदवी आहे, लिहिता येतं, चार लोक ओळखतात. बाईंच्या उशाशी राहिलेलं कन्नडचं पुस्तक कपाटात होतं. मी ते काढलं, आणि आधी परीक्षेचा फॉर्म भरला, मग पत्रकाखाली नाव टाकलं. आता रोज संध्याकाळी चटईवर मी आणि रेखाक्का शेजारी बसतो. ती इंग्रजी क्रियापदं पाठ करते, मी ती गोल गोल अक्षरं गिरवते. खरं सांगते, पोटात गोळा येतो. लहानपणी यायचा तसाच. बाई मुद्दाम हा गोळा दरवर्षी पोटात घेत होत्या, हे मला आता समजतंय.

परवा संध्याकाळी वळणावर ट्रॅक्टर आला. गाणं खिडकीतून आत शिरलं. मी दाराला अडकवलेली बाईंची छत्री घेतली आणि रस्त्यावर गेले, आडवी धरली. ड्रायव्हर कोवळा होता, पहिलाच हंगाम असणार.

"पावणं, आवाज बारीक करा. परीक्षा हाय."

"कुणाची, ताई?"

"माझी," मी म्हणाले.

"आणि माझी पण," मागून रेखाक्काचा आवाज आला.

त्यानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, हसला आणि हात पुढं नेला. गाणं बारीक झालं. ट्रॉलीच्या मागं लोंबणारं उसाचं पाचट रस्त्याला घासत गेलं, तेवढाच आवाज. आम्ही आत येऊन हात धुतले आणि पुस्तकं उघडली.